भरड मासे

जानेवारीत प्रकाशकांची मेल आली. इंग्रजी कथांचा जो संग्रह मी दहा वर्षांपूर्वी मराठीत आणला होता, त्याची दुसरी आवृत्ती निघणार होती. दुरुस्त्या असतील तर २० फेब्रुवारीपर्यंत कळवा. अनुवादकाच्या आयुष्यात दुसरी आवृत्ती हा प्रकार इतका दुर्मीळ की पहिले दोन दिवस मी नुसती खूश होते. तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं आणि एका कथेच्या शेवटच्या पानावर अडकले.

कथा साधी आहे. इंग्लंडमधलं कारखान्याचं गाव, दुसऱ्या महायुद्धानंतरची वर्षं, हिवाळा. कारखान्यात मंदी, आठवड्यातून तीनच दिवस काम. असाच एक रिकामा दिवस बाप दहा वर्षांच्या मुलाला घेऊन नदीवर घालवतो. दिवसभर काही मिळत नाही. अंधार पडता पडता एकच मोठा मासा लागतो. पुढची वाक्यं माझ्या मराठीत अशी होती : बापाने तो परत पिशवीत ठेवला. दोघं घरी आले. आईने काही विचारलं नाही.

मूळ इंग्रजीत फक्त 'पुट इट बॅक' होतं. कुठे, ते लेखकाने सांगितलेलं नव्हतं. त्याच्या वाचकाला सांगायची गरजच नव्हती. त्याआधीच्या परिच्छेदात एका जाळीचा उल्लेख होता. मी त्या जाळीची पिशवी केली आणि मासा तिच्यात टाकून मोकळी झाले. मासा आधी पिशवीत नव्हताच, मग 'परत' कसा ठेवला, हा प्रश्न मला, संपादकांना, मुद्रितशोधकांना, कुणालाच पडला नाही. मराठीतला 'परत' दोन्हीकडून बोलतो : पुन्हा आणि माघारी. त्या दोन अर्थांच्या फटीत माझी चूक दहा वर्षं आरामात बसली होती.

आता मला शंका आली होती. पण शंकेवर पुस्तक दुरुस्त करता येत नाही.

योगायोग असा की फेब्रुवारीचा महिना मी नॉर्विचला असणार होते, अनुवादकांच्या एका निवासासाठी. पूर्व इंग्लंडातलं हे शहर अनुवादकांना ओळखीचं आहे. डब्ल्यू. जी. सेबाल्ड यांनी १९८९ मध्ये इथल्या विद्यापीठात साहित्यानुवादाचं केंद्र सुरू केलं. २०१२ मध्ये युनेस्कोने नॉर्विचला 'साहित्याचं शहर' केलं, इंग्लंडमधलं पहिलं. पण त्याआधी कितीतरी वर्षं हे जोड्यांचं शहर होतं. चपला-बुटांच्या कारखान्यांत इथले हजारो लोक कामाला असत. मी राहत होते त्याच्या शेजारच्या घरातले गृहस्थ त्यांपैकीच एक. वय ७४, निवृत्त. त्यांनी पहिल्याच दिवशी नावाने हाक मारायला सांगितलं. मला ते काही जमेना, आणि 'मिस्टर' लावलं की ते मागे वळून बघत, जणू दुसरंच कुणीतरी आलंय. शेवटी मी त्यांना हाकच न मारता बोलायला शिकले. इथे मी त्यांना आजोबा म्हणते.

एका सकाळी ते गाडीत लांब कापडी पिशव्या आणि एक स्टूल भरताना दिसले. मी विचारलं, मासे धरायला? ते म्हणाले, कोर्स फिशिंग.

हाच तो शब्द. माझ्या कथेत तो एकदाच येतो आणि मी त्याचं भाषांतर 'ढोबळ मासेमारी' असं केलं होतं. ते आठवून मला तिथल्या थंडीतही घाम फुटला. मी धावत जाऊन कथेचं मूळ पान आणलं. आजोबांनी चश्मा चढवून फुटपाथवर उभ्याउभ्या वाचलं. बरी लिहिलीय, म्हणाले. मी विचारलं, या बापाने मासा कुठे ठेवला? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की उत्तर तिथेच मिळालं.

"नदीत," ते म्हणाले. "आणखी कुठे?"

मग थोडं थांबून म्हणाले, मंगळवारी रिकाम्या असाल तर चला. गरम कपडे घाला. आहेत त्याच्या दुप्पट.

इंग्रजांनी आपल्या गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन भाग केले आहेत. सामन आणि ट्राउट हे 'गेम', म्हणजे शिकारीच्या मानाचे मासे. उरलेले बहुतेक सगळे, रोच, चब, ब्रीम, पर्च, टेंच, पाईक, बार्बेल, हे 'कोर्स'. या वाटणीला जीवशास्त्राचा फारसा आधार नाही. सामन-ट्राउटच्या नद्या कुणाच्या मालकीच्या होत्या आणि कालवे, संथ नद्या कुणाच्या वाट्याला आल्या, हे तिथे जास्त महत्त्वाचं. मानाचे मासे जमीनदार वर्ग धरी, पानात वाढून खाई. कोर्स मासे गिरणीतले, खाणीतले, पोलादाच्या भट्टीवरचे लोक रविवारी धरत. गुत्त्यागुत्त्यांत त्यांचे क्लब होते. १८७८ मध्ये शेफिल्डचे खासदार ए. जे. मंडेल्ला यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि या माशांनाही विणीच्या काळात अभय मिळालं. त्यामागे रेटा होता तो शेफिल्डच्या कामगारांचा. आजही इंग्लंडमधल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कोर्स मासे धरायला बंदी असते.

'कोर्स' या शब्दाचं मूळ 'ऑफ कोर्स'मधल्या कोर्समध्ये सांगतात : नेहमीचं, चालू, सर्वसाधारण. खरखरीत हा अर्थ नंतरचा. ढोबळ तर कुठेच नाही. मराठीत याला चपखल शब्द आहे आणि तो मला दहा वर्षांपूर्वी सुचायला हवा होता : भरड. भरड धान्य म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी. वाईट धान्य नव्हे; गरिबाघरचं, रोजचं धान्य. (त्याला २०१८ मध्ये सरकारने 'पौष्टिक' ठरवलं आणि आता ते शहरात गव्हाहून महाग मिळतं, ही गोष्ट वेगळी.) तसे हे भरड मासे.

गंमत म्हणजे हा भरडपणा समुद्र ओलांडला की टिकत नसे. मद्रासच्या सनदी सेवेतले एच. एस. टॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. त्यात महसीरची थोरवी गायली आहे, सामनला तोडीस तोड म्हणून. महसीर आणि इंग्लंडमधला बार्बेल हे एकाच कुळातले. साहेबाच्या देशात जो भरड, त्याचाच चुलतभाऊ कावेरीत भेटला की मानाचा. सामन इथे नव्हता, शिकार तर करायची होती. मग कुणाला तरी बढती देणं भागच होतं.

मंगळवारी सकाळी दहाला आम्ही कॉस्टेसीला पोचलो. लिहितात कॉस्टेसी, म्हणतात कॉसी. याच भागात एक गाव वायमंडहॅम लिहून विंडम म्हटलं जातं. लिप्यंतर करणाऱ्यांनी या परगण्यापासून लांबच राहावं. एका दिवसाचा सरकारी परवाना मी ऑनलाइन घेतला होता, क्लबच्या पाहुण्याचं तिकीट आजोबांनी काढलं होतं. फाटक उघडून कुरणात शिरलो. गवत गोठून पांढरं झालं होतं आणि पावलागणिक कुरकुरत होतं. आकाश मळकं, वारा नाही. नदी इतकी जवळ येईपर्यंत दिसली नाही.

वेन्सम. नावाचा अर्थच वळणांची. बारा-पंधरा पावलं रुंद, दोन्ही काठ जवळजवळ पाण्याला टेकलेले. ही खडूच्या खडकातून येणारी नदी. जगातल्या अशा बहुतेक नद्या इंग्लंडमध्येच आहेत. चिपळूणच्या वाशिष्ठीकाठी वाढलेल्या मला ती आधी ओढाच वाटली. पावसाळ्यात आमची नदी बाजारपेठेत येते. ही तर कुणाच्या अंगावर ओरडलीही नसेल. तसं मी बोलून दाखवलं तेव्हा आजोबा म्हणाले, तिला गिरण्यांनी नीट वळण लावलंय, आठशे-नऊशे वर्षं बांध घालून घालून.

मासे धरणं म्हणजे एका जागी बसणं, अशी माझी समजूत होती. हिवाळ्यात चबसाठी तसं करत नाहीत. आजोबांनी आधी चार जागा दाखवल्या : एक वाकलेल्या विलोच्या फांद्यांखाली, जिथे वाहून आलेला पालापाचोळा अडकून तराफा झाला होता, एक वळणाच्या आतल्या बाजूला, एक पडलेल्या आल्डरच्या खोडाशेजारी, चौथी पाण्याच्या दोन ओढी भेटतात तिथे, वरून काहीच खूण नसलेली. चारही ठिकाणी त्यांनी पांढऱ्या पावाचा भिजवलेला चुरा मूठमूठ टाकला आणि आम्ही पुन्हा पहिल्या जागेवर आलो. थंड पाण्यात मासा सुस्त असतो. फार खात नाही, फार हलत नाही. बाकीचे मासे तोंड मिटून बसतात तेव्हाही चब थोडंफार खातो, म्हणून हिवाळ्यात गरिबाला त्याचाच आधार. पण त्याला पावलांची चाहूल लागते. आजोबा ७४ व्या वर्षी त्या काठावर मांजरासारखे चालत होते आणि मी मागून गोठलेलं गवत कुरकुरवत.

आमिष म्हणून त्यांनी शिळं चीज आणि कणीक एकत्र मळलेला गोळा आणला होता. वास इतका उग्र की डबा उघडल्यावर मी एक पाऊल मागे सरले. पण हात मात्र ओळखीचे होते. गोळ्यातून लिंबाएवढा तुकडा तोडायचा, तळव्यावर फिरवायचा, गळाभोवती दाबायचा. माझी आजी मोदकाची पारी करताना असाच अंगठा फिरवी. मी संक्रांतीच्या तिळाच्या वड्या नेल्या होत्या. एक खाऊन आजोबांनी दुसरीचा तुकडा बोटांत मळून बघितला. "चबला आवडेल," म्हणाले. "चबला काहीही आवडतं."

त्यांच्या पेटीत तरंगत्या खुणांचा एक खण होता. नदीच्या ओघात तिचा उपयोग करायचा नव्हता, तरी त्यांनी उघडून दाखवला. त्यातल्या चार-पाच मोरपिसाच्या देठापासून केलेल्या होत्या. हलक्या, सरळ, वर लाल टोक. मी त्या आधी पाहिल्या होत्या. जादवपूरला तौलनिक साहित्याचं एम.ए. करत असताना एका मैत्रिणीचे वडील रविवारी तळ्यावर जात, त्यांच्याकडे. बंगालीत या साऱ्याला घरचे शब्द आहेत : काठी ती छिप, तरंगती खूण ती फात्ना, आमिष ते टोप, मासे जमवायला पाण्यात टाकतात ते चार. मी ते तेव्हा वहीत टिपून ठेवले होते आणि मराठीत हे शब्द नाहीत म्हणून वर्गात हळहळलेही होते. चार पानांचा निबंधच लिहिला होता, मराठीतल्या या पोकळीवर.

पोकळी मराठीत नव्हती. माझे बाबा 'गळ' म्हणत नसत, 'गरी' म्हणत. आणि गरीने मासे धरायला जाणं म्हणजे गरवायला जाणं. 'आज गरवायला जाऊ काय?' हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलं असेल. जाळं टाकून पोटासाठी केली ती मासेमारी. दोरीच्या टोकाला गरी बांधून धक्क्यावर बसून राहायचं ते गरवणं. इंग्रजीतल्या फिशिंग आणि अँगलिंगमधला भेद आमच्या स्वयंपाकघरात रोज होत होता. पण तो पुस्तकातला शब्द नव्हता, म्हणून निबंधात आला नाही, आणि अनुवादातही नाही.

पहिल्या जागी अर्ध्या तासात काही नाही. काठीचं टोक बोरूसारखं बारीक, पांढऱ्या रंगाचं. नजर त्याच्यावर ठेवायची. ते सारखं किंचित थरथरत असतं, प्रवाहामुळे. ती थरथर मासा नव्हे. मासा म्हणजे त्या थरथरीला पडलेला खंड. दुसऱ्या जागी खंड पडला, आजोबांनी काठी उचलली, काही नव्हतं. तिसऱ्या जागी गळ खोडात अडकून तुटला. मधे आम्ही उभ्यानेच चहा प्यायलो. माझी बोटं मला दिसत होती, जाणवत नव्हती.

आजोबा नदीच्या तब्येतीबद्दल बोलत राहिले, जसे आपल्याकडे म्हातारे लोक नात्यातल्या आजारी माणसाबद्दल बोलतात. १९७० च्या दशकात इथे दोन-दोन पौंडांचे रोच मिळत, लांबून लोक येत. मग ते कमी झाले. गाळ साचला, शेतातलं काय काय उतरून आलं. मोठे बार्बेल होते, तेही गेले. क्लबातले निम्मे लोक पाणमांजरांना शिव्या देतात. कीटकनाशकांनी पाणमांजरं जवळजवळ संपली होती, ती आता पुन्हा आली आहेत आणि मोठा मासा खातात. तुम्हीही शिव्या देता का, मी विचारलं. ते म्हणाले, मला राग येतो, पण माझ्या अंगणात एकदा रात्री ते आलं होतं, आणि मी बायकोला उठवलं बघायला.

साडेचार वाजता आम्ही चौथ्या जागी होतो, ती खूण नसलेली. उजेड ओसरत होता. आजोबांनी काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. दहा मिनिटं थरथर. मग टोक खाली गेलं, खंड वगैरे काही नाही, सरळ ओढलंच. मी काठी उचलली आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं.

हे कसं सांगावं मला कळत नाही. जड होतं, पण ओझ्यासारखं नाही. आजोबा सारखे एकच सांगत होते, मुळांकडे जाऊ देऊ नका, मुळांकडे जाऊ देऊ नका. दोन-तीन मिनिटांत त्यांनी लांब दांड्याची जाळी पाण्यात बुडवली आणि मासा तिच्यावर आला. पितळी अंग, प्रत्येक खवल्याला काळसर कड, जाड पांढरे ओठ. आजोबांनी ओल्या चटईवर ठेवून, हात पाण्यात भिजवून, एका वळशात गळ काढला. त्या गळाला अडकवणारा काटाच नव्हता. वजन केलं : ४ पौंड २ औंस. म्हणजे पावणेदोन किलोच्या वर.

मी खरं तेच सांगते. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो चार माणसांच्या दोन वेळांचा. डोकं सारात, मधले तुकडे तळून. तो विचार मी केला नाही, माझ्या हातांनी केला.

आजोबांनी मासा माझ्या हातांत दिला आणि मला काठावर गुडघ्यांवर बसवलं. टाकायचा नाही. तोंड प्रवाहाकडे करून धरायचा, त्याच्या कल्ल्यांतून पाणी जाऊ द्यायचं. तो दमलाय. आपला आपण जाईल. पाणी इतकं थंड की मनगटापर्यंत दुखत होतं. मासा माझ्या दोन तळव्यांत उभा होता, श्वास घेत. मग त्याने एकदा अंग वळवलं आणि हात रिकामे झाले.

"आता तो कुणाचा?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"कागदोपत्री? क्लबचा," आजोबा म्हणाले. "शनिवारी दुसऱ्या कुणाला लागेल."

आमच्याकडेही न खायचे मासे आहेत, मी त्यांना सांगितलं. महाडजवळ वाळण कोंड म्हणून नदीतला डोह आहे. तिथले महसीर देवीचे. लोक त्यांना खाऊ घालतात, धरत कुणी नाही. आजोबांनी मान हलवली. देवाचं काही नाही, म्हणाले. हा मासा खाण्यालायकच नाही. कापसात सुया खोचून उकडावं तसा लागतो. वॉल्टन नावाच्या माणसाने १६५३ मध्ये 'कम्प्लीट अँगलर' लिहिलं त्यात चब शिजवायची पद्धत दिली आहे, पण त्याच्याकडे बराच वेळ होता. आणि आता नियमही आहे, एवढा मोठा चब नदीतून घरी नेता येत नाही.

मग मी खरा प्रश्न विचारला. कथेतल्या घरात चणचण आहे. तीन दिवसांचा पगार. तरी बाप दोन किलोचा मासा सोडेल?

ते रीळ आवरत होते. हात थांबले. म्हणाले, माझे वडील बुटांच्या कारखान्यात होते. त्यांनीही तीन-तीन दिवसांचे आठवडे बघितलेत. घरी बसले असते तर आईने भिंती रंगवायला लावल्या असत्या, म्हणून नदीवर जायचे. मासा आणला असता तर आईने तो मांजरालाही घातला नसता. पण आम्ही तितके उपाशी नव्हतो. पाव-जॅम असायचा. तितके उपाशी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. तुमच्या लेखकाला माहीत असेल.

परतताना गाडीत हीटर लावला होता तरी मी काही बोलले नाही. मला बाबा आठवत होते.

पुस्तक आलं तेव्हा मी पहिली प्रत चिपळूणला पाठवली होती. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. पेपर सोडून फार वाचत नसत, माझे अनुवाद तर कौतुकाने कपाटात ठेवत. पण हे पुस्तक त्यांनी वाचलं, आणि एका रात्री फोन आला. "तो बाप बरा दाखवलाय गं," म्हणाले. "तीन दिवसांच्या पगारात पोरासाठी मासा घेऊन आला." मग, त्यांनी आधी कधीही न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांचे वडील मुंबईत गिरणीत होते. एका वर्षी मनिऑर्डर तीन महिने आली नाही. बाबा दहा वर्षांचे. शाळेला दांडी मारून खाडीवर गरवायला गेले, संध्याकाळपर्यंत बसले आणि एक तांबोशी मिळाली. घरी आणून चुलीपाशी ठेवली. आईने शाळेबद्दल काही विचारलं नाही. कोयता घेतला आणि साफ करायला बसली. "तू लिहिलंयस ना," बाबा म्हणाले, "आईने काही विचारलं नाही. तसंच असतं ते."

चार वर्षांनी ते गेले. ती प्रत आता माझ्याकडे आहे. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आहे, पोस्टातल्या माणसाची, पट्टी लावून ओढलेली.

म्हणजे माझ्या चुकीने मला ती गोष्ट मिळाली. बरोबर अनुवाद केला असता तर बाबांनी काय म्हटलं असतं, याचा अंदाज मला आहे. 'खुळाच दिसतोय. घरात नाही आणि मासा सोडतो.' मग पुस्तक कपाटात गेलं असतं, आणि तांबोशी बाबांबरोबर.

पण त्या आईच्या न विचारण्यातच तर कथा होती. माझ्या मराठीत तिने विचारलं नाही कारण मासा समोर होता. मुळात ती विचारत नाही कारण हातात काही नसणार हे तिला ठाऊक आहे, आणि नवऱ्याचा तो एक दिवस ती तसाच राहू देते. दोन वेगळ्या बायका. माझी बाई मी रत्नागिरी जिल्ह्यातून नेऊन तिथे बसवली होती.

दुरुस्त करायचंच होतं. प्रश्न क्रियापदाचा होता. 'मासा सोडला' म्हणावं, तर माळ घातलेला माणूस मासे सोडतो तेव्हा आपण हेच म्हणतो. माझ्या बापाने नदीकाठी पंढरीची वाट धरली असती. 'नदीला परत दिला' फारच डोळ्यांत पाणी आणणारं, आणि लेखक तसा नव्हता. एका रात्री मी लिहिलं : बापाने हात पाण्यात धरले. मासा गेला. मला ते फार आवडलं, आणि सकाळी खोडलं. तो माझा मंगळवार होता, त्याचं वाक्य नव्हे. शेवटी 'बापाने तो पुन्हा पाण्यात सोडला' असं ठेवलं. 'परत' काढून टाकला. 'ढोबळ मासेमारी'च्या जागी सुरुवातीला 'भरड मासे' आले आणि पुढे सगळीकडे 'गरवणं'. १९ फेब्रुवारीला दुरुस्त्या पाठवल्या.

मुद्रितं एप्रिलमध्ये आली, मी घरी परतल्यानंतर. मुद्रितशोधक नवे होते आणि काळजीने काम करणारे दिसत होते. माझा टंकदोष समजून त्यांनी तिन्ही ठिकाणी लाल शाईने नीट दुरुस्ती केली होती : बाप आणि मुलगा दिवसभर नदीकाठी गिरवत बसले.

मी तिन्ही ठिकाणी वेलांटी काढली, समासात 'असंच हवं' लिहिलं आणि पान परत पाठवलं.